टी-३४/८५ चा हिरवा नेमका कोणता? आधी महिना ठरवा, मग बाटली उघडा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. टी-३४/८५ या दुसऱ्या महायुद्धातल्या सोव्हिएत रणगाड्याचं १:३५ प्रमाणातलं मॉडेल किट घेतलंय. रंगाच्या पत्रकावर तीन पर्याय छापलेत: एक साधा हिरवा, एक हिवाळी पांढरा आणि एक हिरव्यावर तपकिरी-पिवळ्या पट्ट्यांचा. डिकलच्या, म्हणजे मॉडेलवर चिकटवायच्या छापील खुणांच्या, कागदावर मोठाले लाल तारे आहेत. चार कंपन्यांचे ‘रशियन ग्रीन’ आणून प्लास्टिकच्या चमच्यांवर लावून पाहिले, तर चौघांचे चार रंग. यातला खरा कुठला? तारे लावायचे का? आकडे कुठे आणि केवढे?

मी वीसेक वर्षं बहुतेक सोव्हिएत चिलखती वाहनंच करत आलोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो. सगळ्यात आधी चमचे बाजूला ठेवा आणि एका कागदावर दोनच गोष्टी लिहा: कुठलं वर्ष, कुठली लढाई. शक्य असेल तर महिनाही लिहा. सोव्हिएत रणगाड्याचा रंग आणि खुणा तारखेवरून ठरतात. तारीख पक्की झाली की निम्मे प्रश्न आपोआप मिटतात.

तुमच्याच किटचं बघा. ८५ मिलिमीटर तोफेचा टी-३४ कारखान्यांतून बाहेर पडायला लागला तो १९४४ च्या सुरुवातीला. हिरवा, गडद तपकिरी आणि मातकट पिवळा ही जी तीनरंगी योजना पत्रकावर आहे, ती प्रामुख्याने १९४१ आणि १९४२ ची. हिरव्याला ४बीओ, तपकिरीला ६के आणि पिवळ्याला ७के अशी नावं होती. ब्रशने किंवा फवाऱ्याने मोठे, वळणदार, कडा थोड्या विरलेले पट्टे मारत. ७६ मिलिमीटर तोफेचा सुरुवातीचा टी-३४ किंवा केव्ही-१, टी-६० हे दुसरे सोव्हिएत रणगाडे करत असाल तर ही योजना जरूर करा, फार देखणी दिसते. १९४३ नंतर मात्र फोटोमागून फोटो पाहा, बहुतेक वाहनं सरळ एकरंगी हिरवी आहेत. टी-३४/८५ वर तीन रंग मारायचे असतील तर हातात त्या विशिष्ट रणगाड्याचा युद्धकाळातला फोटो हवा. तो नसेल तर तो पर्याय खोडून टाका. उरले दोन.

आता त्या हिरव्याबद्दल. यावर सगळ्यात जास्त वाद होतात आणि सगळ्यात जास्त पैसेही इथेच वाया जातात. ४बीओ हा एकच रंग होता हे खरं, पण तो आपल्यासारखा तयार बाटलीतून येत नव्हता. घट्ट लगद्याच्या रूपात यायचा आणि कारखान्यात किंवा दुरुस्ती तळावर तेल घालून पातळ करायचे. कुणी जास्त पातळ केला, कुणी कमी. एका ठिकाणी फवारला, दुसऱ्या ठिकाणी ब्रशने ओढला. त्यातलं जवसासारखं सुकणारं तेल काळाबरोबर पिवळट होत जातं. त्यात टी-३४/८५ तीन कारखान्यांत बनत होता: निझ्नी तागिलचा १८३ क्रमांकाचा कारखाना, गोर्कीचा क्रास्नोये सोर्मोवो आणि ओम्स्कचा १७४ क्रमांकाचा. तीन ठिकाणी मिसळलेला, दोन उन्हाळे खाल्लेला रंग हुबेहूब एकच राहील ही अपेक्षाच चुकीची आहे. त्यामुळे तुमच्या चार चमच्यांपैकी तीन तरी बरोबर असू शकतात.

तरी एक सीमा आहे. ४बीओ हा पिवळसर झाक असलेला, मध्यम, गवताकडे झुकणारा हिरवा आहे. तो अमेरिकन ऑलिव्ह ड्रॅबसारखा तपकिरीकडे जात नाही आणि नाटोच्या हिरव्यासारखा निळसर-थंडही नसतो. चमचा खिडकीतल्या उजेडात धरा. तपकिरी वाटला तर बाद, बाटलीच्या काचेसारखा निळसर वाटला तरी बाद. आंब्याच्या जुन्या पानाची आठवण झाली तर तुम्ही जवळ आहात.

माझं स्वतःचं मिश्रण सांगतो. तामिया कंपनीचा एक्सएफ-५८ ऑलिव्ह ग्रीन सात-आठ भाग, त्यात एक्सएफ-६० डार्क यलो दोन भाग. हा झाला पायाचा रंग. वरच्या सपाट भागांसाठी, म्हणजे इंजिनचं झाकण, बुरुजाचं (तोफ बसवलेल्या फिरत्या भागाचं) छत, पुढच्या तिरक्या पत्र्याचा वरचा अर्धा भाग, यांसाठी त्याच मिश्रणात एक्सएफ-५७ बफचे (फिक्या मातकट रंगाचे) थेंब टाकून थोडा फिका करतो. मॉडेल छोटं असतं आणि खऱ्या वाहनाचा रंग जसाच्या तसा लावला तर ते काळपट, जड दिसतं, म्हणून पायाचा रंगही डोळ्याला किंचित फिका वाटेल इतपत ठेवा. नंतरचे वॉश आणि फिल्टर, म्हणजे वरून द्यायचे अगदी पातळ गडद रंगाचे हात, त्याला खाली आणतातच. पहिल्यांदा करणारा प्रत्येकजण इथे घाबरून गडद रंग घेतो, त्यावर काळा वॉश मारतो आणि शेवटी रणगाड्याच्या आकाराचा कोळसा हातात येतो.

आपल्या हवेचं इथेच सांगून टाकतो. एप्रिल-मेमध्ये अ‍ॅक्रिलिक रंग एअरब्रशच्या टोकावरच वाळतो, तेव्हा रिटार्डरचे (रंग सावकाश वाळवणाऱ्या द्रवाचे) दोन थेंब घाला आणि पहाटे फवारा. पावसाळ्यात उलटा त्रास. एका जुलैत पुण्यात बाहेर धो धो पाऊस असताना मी एसयू-१०० या सोव्हिएत चिलखती वाहनाच्या मॉडेलवर लॅकरचं मॅट वार्निश मारलं. सकाळी बघतो तर पूर्ण मॉडेलवर दुधाळ साय. हवेतली बाष्पं ओल्या लॅकरमध्ये अडकतात, त्याचा हा परिणाम. कोरड्या दिवशी पातळ थिनरचा हलका फवारा मारून बरंचसं निघालं, पण खाचांमधलं शेवटपर्यंत राहिलं. तेव्हापासून जून ते सप्टेंबर मी फक्त जोडणी करतो, अंतिम वार्निश दसऱ्यानंतर.

हिवाळी पांढरा करायचा असेल तर मनात एक गोष्ट पक्की ठेवा: तो रंग कायमचा नव्हता. खडू किंवा चुना पाण्यात कालवून, बहुतेक वेळा झाडूसारख्या जाड ब्रशने किंवा चिंध्यांनी फासलेला थर. वसंत आला की धुऊन टाकायचा. आपण घराला चुना मारतो तसाच विचार करा: कुठे जाड, कुठे हिरवा दिसतोय, कोपऱ्यात मुळीच पोचलेला नाही. माणसं जिथे चढतात-उतरतात तिथे पहिल्या आठवड्यातच उडालेला. चाकं आणि खालचा भाग तर अनेकदा रंगवलेलाच नसायचा. मॉस्कोसमोरच्या १९४१-४२ च्या हिवाळ्यात काही टी-३४ वर पूर्ण पांढऱ्याऐवजी हिरव्यावर आडव्यातिडव्या पांढऱ्या रेषांची जाळी मारलेली दिसते. ती योजना ७६ मिलिमीटरवाल्या टी-३४ साठी फार सुंदर आहे, पण तुमच्या ८५ वाल्यावर चढवू नका. तुम्हाला हिवाळी पांढरा हवाच असेल तर जानेवारी १९४५ चा पोलंड किंवा हंगेरी घ्या.

करायची पद्धत: हिरवा पूर्ण वाळवून सॅटिन वार्निश, त्यावर केसांना मारायच्या स्प्रेचे दोन पातळ थर, त्यावर पातळ पांढरा अ‍ॅक्रिलिक. पांढरा सुकल्यावर तासाभराच्या आत कोमट पाण्यात बुडवलेला, केस आखूड केलेला जुना ब्रश घेऊन उभ्या दिशेने घासा. पाऊस जसा ओघळतो त्या दिशेने. पूर्ण शुभ्र रंग वापरू नका, बफचा एक थेंब टाकून थोडा मळका करा.

आणि आता ती जागा जिथे मला स्वतःला सगळ्यात जास्त आनंद मिळतो. पांढरा फासताना शिपाई बुरुजावरच्या आकड्याचं काय करायचे? बऱ्याच फोटोंत त्यांनी आकड्याभोवती रंग मारलाय आणि आकड्यामागे हिरव्याचा ओबडधोबड चौकोन शिल्लक ठेवलाय. हिरव्या पाटीवर पांढरा आकडा, आणि भोवती चुना. चौकोनाची एक कड सरळ, दुसरी घाईत वाकडी, कुठे ब्रशचा एखादा फटका आकड्याच्या शेपटीवर गेलेला. दुसरी पद्धत अशी की सगळं पांढरं करून वर लाल किंवा काळ्याने आकडा पुन्हा काढायचा. यातला पहिला प्रकार मॉडेलवर करा. मास्किंग टेपचा चौकोन चिकटवू नका, त्याची कड सुरीने कापल्यासारखी येते. आकड्याभोवती हातानेच, शून्य नंबरच्या ब्रशने पांढरा आत ओढत न्या. दोन इंचांच्या त्या भागावर मी पूर्ण संध्याकाळ घालवतो आणि बघणाऱ्याची नजरही पहिली तिथेच जाते.

लाल ताऱ्यांबद्दल माझं मत स्पष्ट आहे: शंका असेल तर लावू नका. युद्धातल्या बहुतेक टी-३४ वर मोठा लाल तारा नव्हता. आपल्या डोक्यात तो इतका पक्का बसलाय, कारण आपण संचलनातली वाहनं, चौथऱ्यावरची स्मारकं आणि संग्रहालयातले नव्याने रंगवलेले रणगाडे पाहिलेत. चाकांच्या कडा पांढऱ्या रंगवणं हेही संचलनातलंच. विजय संचलन २४ जून १९४५ ला मॉस्कोत झालं. बर्लिनमध्ये दोस्त राष्ट्रांचं संयुक्त संचलन ७ सप्टेंबर १९४५ ला झालं, तिथे आयएस-३ हे अवजड सोव्हिएत रणगाडे पहिल्यांदा जगासमोर आले. तिथली वाहनं धुतलेली, चकचकीत रंगवलेली होती. त्या फोटोवरून लढाईतला चिखलाने माखलेला रणगाडा रंगवला तर दोन वेगळ्या दिवसांची सरमिसळ होते.

संदर्भासाठी संग्रहालयं बघत असाल तर आणखी एक खबरदारी घ्या. युद्धानंतर टी-३४/८५ पोलंड आणि चेकोस्लोव्हाकियातही बनला, आणि सोव्हिएत संघातल्या जुन्या रणगाड्यांची १९६० च्या दशकात सुधारणा झाली. तेव्हा अनेकांना टी-५५ च्या पद्धतीची, ताऱ्याच्या आकाराची चाकं बसली. चौथऱ्यावरच्या रणगाड्याला ती चाकं दिसली तर त्यावरचा रंग आणि आकडेही नंतरचेच आहेत असं समजा.

लढाईत प्रत्यक्षात काय असायचं? मुख्यतः पांढरे आकडे. बुरुजाच्या दोन्ही बाजूंना, कधी मागेही. सोबत एखादी भौमितिक खूण: समभुज चौकोन, त्रिकोण, वर्तुळ, बाण, आत अक्षर किंवा छोटा आकडा. अख्ख्या लाल सेनेसाठी एकच यादी नव्हती, प्रत्येक कोअर किंवा आर्मी आपापली पद्धत ठरवायची. म्हणून कुठल्याही डिकलच्या कागदावरून आवडलेली खूण आणि आवडलेला आकडा उचलून एकत्र लावू नका. खूण, आकडा आणि आकड्यांची लिहिण्याची धाटणी हे तिन्ही एकाच फोटोतून घ्या.

धाटणी महत्त्वाची आहे. हे आकडे ओतीव पोलादाच्या खडबडीत बुरुजावर ब्रशने लिहिलेले आहेत. रेष एकसारख्या जाडीची नसते, वळणावर जाड होते, शेवटी सुटते. डिकल वापरलं तर ते त्या खडबडीतपणात बसत नाही आणि खाली हवा अडकून चंदेरी दिसतं. आधी ग्लॉस वार्निश, मग डिकल, मग सॉफ्टनर (डिकल मऊ करणारं द्रव) दोनदा आणि सुईने बारीक टोचे, एवढं केलं तर बसेल. मी मात्र आता आकडे हातानेच काढतो. तामियाचा एक्सएफ-२ पांढरा, त्यात किंचित बफ, आणि लांब केसांचा बारीक ब्रश. पेन्सिलने उंची आखून घ्या, एका दमात ओढा. थोडा वाकडा आला तर तसाच राहू द्या. आघाडीवर लिहिणारा शिपाई साइनबोर्ड पेंटर नव्हता.

नावं आणि घोषणा हा वेगळा, मनाला भिडणारा विषय आहे. ‘ज़ा रोदिनु’, म्हणजे ‘मातृभूमीसाठी’, ही सर्वांना माहीत. पण त्याहून मोलाच्या आहेत त्या वर्गणीतून दिलेल्या रणगाड्यांच्या खुणा. मारिया ओक्त्याब्रस्कायाने पती युद्धात मारला गेल्यावर घरातलं सगळं विकून टी-३४ साठी पैसे दिले, स्वतः त्याची चालक झाली, आणि बुरुजावर लिहिलं ‘बोयेवाया पोद्रुगा’, लढाईतली सखी. १९४४ च्या मार्चमध्ये जखमांमुळे ती गेली. तो रणगाडा ७६ मिलिमीटर तोफेचा होता, त्यामुळे तुमच्या किटवर ते नाव येणार नाही. कुक्रिनिक्सी नावाने काम करणाऱ्या तीन व्यंगचित्रकारांनी कवींबरोबर मिळून पुरस्काराच्या पैशातून केव्ही-१ दिला, त्याचं नाव ‘बेस्पोश्चाद्नी’, म्हणजे निर्दय, आणि त्यावर हिटलरचं व्यंगचित्र.

तुमच्या किटला लागू पडणारं नाव आहे ‘दिमित्री दोन्स्कोई’. रशियन ऑर्थोडॉक्स चर्चने भाविकांकडून पैसे जमवून ४० रणगाड्यांचा ताफा दिला, मार्च १९४४ मध्ये तो सेनेच्या हवाली झाला. त्यातले टी-३४/८५ हे ३८ व्या स्वतंत्र रणगाडा रेजिमेंटकडे गेले. इथे एक सापळा आहे. ते अगदी सुरुवातीचे, डी-५टी तोफेचे रणगाडे होते. या तोफेच्या बुडाशी असलेलं ओतीव कवच, म्हणजे मँटलेट, नंतरच्या झिस-एस-५३ तोफेपेक्षा वेगळं दिसतं. तुमच्या खोक्यावर नेमकी कुठली तोफ आहे ते आधी बघा. झिस-एस-५३ असेल तर ते नाव कितीही आवडलं तरी त्या बुरुजावर शोभणार नाही.

आता माझी शिफारस. तुमचं किट झिस-एस-५३ चं असेल तर एप्रिल १९४५ चं बर्लिन करा. या काळाचे फोटो भरपूर आहेत आणि खुणांना अर्थ आहे. पूर्वेकडून सोव्हिएत फौजा आणि पश्चिमेकडून अमेरिकन-ब्रिटिश फौजा एकमेकांकडे सरकत होत्या, आणि वर दोघांचीही विमानं. चुकून आपल्याच मित्रावर हल्ला होण्याची भीती खरी होती. ७ नोव्हेंबर १९४४ ला युगोस्लाव्हियातल्या निशजवळ अमेरिकन विमानांनी सोव्हिएत तुकडीवर हल्ला केला होता आणि त्यात माणसं मेली होती. म्हणून बर्लिनच्या मोहिमेत बुरुजाभोवती पांढरा पट्टा आणि छतावर पांढरा क्रॉस अशी ओळखीची खूण आली. मेच्या सुरुवातीच्या काही फोटोंत पट्ट्याऐवजी पांढरा त्रिकोणही दिसतो.

तो पट्टा घाईत मारलेला आहे, हे मॉडेलवर दिसलं पाहिजे. आधीचा आकडा कधी पट्ट्याखाली अर्धा गेलाय, कधी पट्टा आकड्यापाशी येऊन थांबलाय आणि पलीकडून पुन्हा सुरू झालाय. बुरुजाच्या कडेला पकडायच्या दांड्या आहेत, त्यांच्या मागे ब्रश पोचलेला नाही, तिथे हिरवाच ठेवा. छतावरचा क्रॉस झाकणांवरून तसाच गेलाय, म्हणून झाकण उघडं दाखवणार असाल तर क्रॉसचा तेवढा तुकडा झाकणाबरोबर उभा राहील. हे बारकावे पाच मिनिटांत होतात, आणि त्यांच्यामुळे खूण रणगाड्यावर घडलेली वाटते.

याच लढाईतलं आणखी एक उदाहरण मनात ठेवा, पुढे आयएस-२ हा अवजड रणगाडा घेतलात तर. ७ व्या गार्ड्स अवजड रणगाडा ब्रिगेडच्या आयएस-२ वर लाल ताऱ्यावर पांढरं अस्वल आहे. ही ब्रिगेड ऑक्टोबर १९४४ मध्ये आर्क्टिक भागातल्या पेत्सामो-किर्केनेस मोहिमेत लढली होती, तिथून ते ध्रुवीय अस्वल आलं. बर्लिनचं शहरचिन्हही अस्वलच आहे, म्हणून अनेकजण त्याचा संबंध बर्लिनशी जोडतात. तो जोडू नका. हा तो अपवाद आहे जिथे लाल तारा खरोखर आहे, आणि त्यामागे एक प्रवास आहे.

वेदरिंगबद्दल, म्हणजे मॉडेल वापरातलं दिसावं म्हणून दाखवायच्या धूळ-झिजेबद्दल, थोडंच. बर्लिनमधला रणगाडा चिखलाचा नसतो, पडलेल्या इमारतींच्या धुळीचा असतो: चुना, गिलावा, वीट. चाकांवर फिका राखाडी पिगमेंट (रंगाची कोरडी पूड) लावा आणि त्यात विटकरी रंगाची चिमूट मिसळा. साखळ्या मँगनीज पोलादाच्या होत्या, त्या केशरी गंजत नाहीत. गडद तपकिरी-करडा रंग द्या आणि जमिनीला लागणारा भाग पेन्सिलच्या शिशाने घासून चमकवा. मागच्या पत्र्यावर एक्झॉस्टच्या नळ्यांखाली डिझेलची काजळी, गोल इंधनटाक्यांच्या झाकणापाशी तेलकट डाग. रंगाचे टवके मात्र हात आखडून उडवा. युद्धातल्या टी-३४ चं आयुष्य बहुतेकदा काही महिन्यांचंच असे, वर्षानुवर्षं झिजायला त्याला वेळच मिळत नव्हता. पायदळाचे शिपाई वर बसून जायचे, त्यामुळे झीज इंजिनच्या झाकणाच्या कडांना आणि पकडायच्या दांड्यांना दाखवा, बाकी ठिकाणी नको.

प्रत्यक्ष लोखंड बघायचं असेल तर अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, रणगाडा संग्रहालयात एक दिवस काढा. तिथले व्हॅलेंटाइन, माटिल्डा आणि चर्चिल हे ब्रिटिश रणगाडे आहेत, आणि याच तिन्ही जातींचे रणगाडे लेंड-लीजखाली, म्हणजे दोस्त राष्ट्रांच्या युद्धकालीन मदतीतून, सोव्हिएत सेनेतही लढले. तिथले रंग उतरवून घेऊ नका, प्रदर्शनासाठी ते पुन्हा रंगवलेले असतात. ओतीव पोलादाचा पोत बघा, वेल्डिंगची जाडी बघा, बुरुजावर तळहात ठेवून तो किती खडबडीत आहे ते अजमावता आलं तर उत्तमच. पुढे सोव्हिएत व्हॅलेंटाइन करायचा झालाच तर पायाचा रंग ब्रिटिशच ठेवा. ही वाहनं बऱ्याचदा आलेल्या रंगातच लढली, अमेरिकेकडून आलेले शर्मन रणगाडेही अमेरिकन ऑलिव्ह ड्रॅबमध्येच. वर फक्त सोव्हिएत आकडे आणि घोषणा चढल्या.

तेव्हा आता क्रम असा ठेवा: तोफ कुठली ते बघा, बर्लिनमधल्या एकाच टी-३४/८५ चे दोन कोनांतले फोटो मिळवा, त्यातला आकडा आणि खूण वहीत उतरवून घ्या, आणि मग एक्सएफ-५८ ची बाटली उघडा. छतावरचा क्रॉस सगळ्यात शेवटी, धुळीच्या आदल्या टप्प्यात, ब्रशने.